मार्च, मोर्चा आणि दिंडी

जळगाव किंवा धुळे येथे वाचल्या जाणाऱ्या कोणत्याही दैनिकाचा मार्च महिन्यातील एखादा अंक उघडावा. एका स्तंभात बँकांनी आणि विविध कार्यकारी सोसायट्यांनी ‘मार्चअखेर’ वसुलीसाठी लावलेल्या तगाद्याची बातमी असते. दुसऱ्या स्तंभात, सण तोंडावर आले म्हणून पोलिसांनी शहरातून काढलेल्या ‘रूट मार्च’ची. आणि पानाच्या तळाशी जिल्हाधिकारी कचेरीवर गेलेल्या एखाद्या मोर्चाची चार ओळींत दखल. तिन्ही बातम्यांत एकच नाद घुमतो. परंतु पहिल्या बातमीतील मार्च हे महिन्याचे नाव आहे, दुसरीतील मार्च हे चालण्याचे, आणि तिसरीतील मोर्चा हा तर मुळात इंग्रजी शब्दच नव्हे.

हा केवळ कोशकारांच्या आवडीचा विषय असता, तर त्याची येथे चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. पण माणसे एकत्र येऊन चालू लागतात तेव्हा त्या चालण्याला कोणते नाव दिले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ती कोणाकडे निघाली आहेत, काय मागत आहेत आणि पोहोचल्यावर त्यांचे स्वागत व्हावयाचे की अटक, हे बहुधा त्या नावातच दडलेले असते.

तीन शब्द, एक उच्चार

इंग्रजीत ‘मार्च’ हा एक शब्द नसून, एकसारखे दिसणारे तीन शब्द आहेत. पहिला महिन्याचा. रोमन लोकांच्या मंगळाचे, म्हणजे मार्स या युद्धदेवतेचे नाव त्यास मिळाले. रोमनांचे जुने वर्ष याच महिन्यापासून सुरू होई. म्हणूनच सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांतून सात, आठ, नऊ, दहा हे आकडे आजही डोकावतात. दुसरा मार्च म्हणजे पावले जुळवून चालणे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिसरा मार्च आता फारसा ऐकू येत नाही. त्याचा अर्थ सरहद्दीवरचा मुलूख. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरील प्रदेशाला हे नाव होते. ‘मार्क्विस’ ही सरदारकीची पदवी आणि डेन्मार्क या देशाच्या नावातील ‘मार्क’ ही त्याच कुळातील.

या तिसऱ्या अर्थाने पाहिले तर खानदेश हाच एक ‘मार्च’ आहे. फारूकी घराण्याने १३८२ पासून १६०१ पर्यंत येथे राज्य केले, ते गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्या सांदीत राहून. उत्तरेस सातपुडा, मधून तापी आणि चहूकडून येणाऱ्या वाटा. अहिराणी बोलीत मराठी, गुजराती आणि माळव्याकडील बोलींच्या खुणा शेजारी शेजारी नांदतात, त्यामागे हेच सीमावर्तीपण आहे. अशा मुलखातून फौजा जाणारच. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि खानदेशाचे स्वतंत्र राज्य संपले. त्या वेढ्यापाशी मराठीतील ‘मोर्चा’ या शब्दाचा मूळ अर्थ चांगला उलगडतो.

खंदकातून रस्त्यावर

मोर्चा हा ‘मार्च’चा अपभ्रंश आहे, असे अनेक विद्यार्थी समजतात. ते बरोबर नाही. हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ खंदक, तटबंदी, तोफा लावण्याची आडोशाची जागा असा आहे. जुन्या बखरींत किल्ल्याला ‘मोर्चे लावले’ असे येते, तेव्हा कोणी घोषणा देत निघालेले नसते. उलट माणसे एका जागी मातीचा आडोसा करून ठाण मांडून बसलेली असतात. हिंदीने हा अर्थ पुष्कळसा जपला. तेथे मोर्चा म्हणजे आघाडी. १९८९ साली दिल्लीत सत्तेवर आलेला ‘राष्ट्रीय मोर्चा’ कोठे चालत गेला नव्हता, तो अनेक पक्षांची एकजूट होता. हिंदीत मोरचा म्हणजे लोखंडावरचा गंजही. फार काळ एका जागी राहिलेल्या आघाडीला गंज चढतो, असे कोणी म्हटल्यास त्याला निदान शब्दकोशाचा आधार मिळेल.

मराठीने मात्र या स्थिर शब्दाला पाय फोडले. वेढा घालणारा मोर्चा येथे कचेरीकडे चालू लागला. तरीही जुना अर्थ पूर्णपणे बुजलेला नाही. निवडणुका जवळ आल्या की पुढाऱ्यांची ‘मोर्चेबांधणी’ सुरू होते. ती करणारे रस्त्यावर येत नाहीत, ते बंद दाराआड बसून खंदकच खणत असतात. कोणी टीकेचा रोख बदलला की त्याने ‘आपला मोर्चा’ दुसरीकडे वळविला, असे आपण म्हणतो. तेथे तोफेचे तोंड फिरलेले असते. खानदेशात आदिवासींच्या वनहक्कांसाठी काम करणाऱ्या लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या नावात आघाडी हा अर्थ आहे. आणि याच संघटनेने २०१८ च्या नोव्हेंबरात ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत हजारो माणसे चालत नेली, तेव्हा एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले.

चालण्याची नावे

इंग्रजीला एका ‘मार्च’मध्ये जे भागवावे लागते, त्यासाठी मराठीने अनेक शब्द बाळगले आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द चालणाऱ्याचे नाते सांगतो. सैन्याचे ‘कूच’. हाही शब्द फारसीच. भटक्या टोळ्यांनी तळ मोडून पुढे निघणे, हा त्याचा जुना अर्थ. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळ आपली बिऱ्हाडे घोड्यांवर लादून कळपांमागे निघतात, तेव्हा ते या शब्दाच्या मूळ अर्थाशी पेशव्यांच्या फौजेपेक्षा अधिक प्रामाणिक असतात. पोलिसांची आणि शाळकरी मुलांची ‘कवायत’. हा शब्द आणि ‘कायदा’ एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत. कवायत म्हणजे नियमांचा समूह. सरकारी समारंभातील ‘संचलन’, आनंदाची ‘मिरवणूक’, पहाटेची ‘प्रभातफेरी’, देवाच्या वाटेवरील ‘दिंडी’, तीर्थाची ‘यात्रा’ आणि अखेरची ‘अंत्ययात्रा’. यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावा, म्हणजे वाक्य कोसळते. श्रावणात खानदेशातील घरोघरी बसलेली कानबाई नदीवर नेतात ती मिरवणूक असते, तिला कोणी मोर्चा म्हणणार नाही. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी तापीच्या काठावरून पंढरपूरला निघते. महिनाभराची ती वाट चालणारे वारकरी काही मागावयास निघालेले नसतात. चालणे हीच त्यांची प्राप्ती असते.

म्हणूनच सार्वजनिक जीवनात यांपैकी कोणता शब्द निवडला गेला, याकडे बारकाईने पाहावे लागते. गांधीजी १९३० साली ७८ सत्याग्रहींसह साबरमतीहून निघाले, तो दिवस १२ मार्चचा होता. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यास ‘सॉल्ट मार्च’ म्हटले. गुजरातीत ती ‘दांडीकूच’ झाली. फौजेचा शब्द निःशस्त्र माणसांनी उचलला. मराठीने तिला ‘दांडीयात्रा’ म्हटले आणि मिठाच्या खाऱ्या किनाऱ्याला तीर्थाचे स्थान दिले. घटना एकच, वाट सुमारे ३८५ किलोमीटरांची. परंतु एका भाषेने तीत शिस्त पाहिली, दुसरीने आव्हान आणि तिसरीने पुण्य. त्याच चळवळीत अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून साने गुरुजी बाहेर पडले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी लिहून घेतली. तेच विनोबा १९५१ नंतर भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर चालले, आणि त्या चालण्याचे नाव ‘पदयात्रा’ असे रूढ झाले. जमीन मागणाऱ्याने मोर्चा न काढता यात्रा काढली, याचा अर्थ त्याने जमीनदाराला वेढा घातला नाही. त्याच्या दारी तो पाहुणा म्हणून गेला.

याच्या अगदी उलट अनुभव नंदुरबारचा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हा पश्चिम खानदेशात असलेल्या या गावात शाळकरी मुले तिरंगा घेऊन निघाली. त्यांची फेरी कोणत्याही कचेरीला वेढा घालावयास निघालेली नव्हती. तरीही गोळीबार झाला आणि सोळावे वर्षही पुरे न झालेला शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती कोसळले. चालणाऱ्यांनी त्यास फेरी म्हटले होते. बंदूक हाती असलेल्यांना ती चढाई वाटली. चालण्याचे नाव नेहमी चालणाराच ठरवितो असे नाही, समोर उभा असलेलाही ते ठरवीत असतो. त्याचे मोल त्या दिवशी नंदुरबारने पाच मुलांनी मोजले.

जळगावची दिंडी

या शब्दनिवडीचे सर्वांत बोलके उदाहरण जळगावचे आहे. १९८० च्या डिसेंबरात शेतमालाला रास्त भाव मिळावा या आणि इतर मागण्यांसाठी विरोधी पक्षांनी जळगावहून नागपूरला चालत जाण्याचे ठरविले. शरद पवार तिच्या अग्रभागी होते. यशवंतराव चव्हाणही तीत सामील झाले. हेतू राजकीय होता, रोख अंतुले सरकारवर होता आणि मुक्कामाचे ठिकाण विधिमंडळ होते. सर्व अर्थांनी हा मोर्चाच. पण त्याला नाव दिले गेले ते ‘शेतकरी दिंडी’.

ही निवड सहज झालेली नव्हती. मोर्चा म्हटले की डोळ्यांपुढे गिरणी कामगार उभा राहतो, युनियन आणि लाल बावटा उभा राहतो. कापूस पिकविणाऱ्या खानदेशी आणि वऱ्हाडी शेतकऱ्याला आपण त्या रांगेतले आहोत असे वाटत नव्हते. दिंडी मात्र त्याच्या घरातली. तीत पायी चालणे कष्टाचे असले तरी कमीपणाचे नसते. वाटेवरील गावे भाकरी देतात. बायामाणसेही निःसंकोच येतात. शब्द बदलताच रस्ता बदलला. सरकारला मात्र शब्दाचा मोह पडला नाही. वाटेत नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना अटक झाली. वारकऱ्याला कोणी अडवीत नाही, ही दिंडीची परंपरा. ती त्या नावाच्या आश्रयाला आलेल्या राजकारणाला लागू पडली नाही. मंत्रालयाच्या दृष्टीने तो वेढाच होता.

त्याच्या वर्षभर आधी, १९७९ च्या नोव्हेंबरात, जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे, आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराकडे, हजारो लोक निघाले होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, ही त्यांची मागणी होती. त्यांनी दिंडी हा शब्द घेतला नाही, मोर्चाही घेतला नाही. ‘लाँग मार्च’ हे १९३४-३५ च्या चिनी इतिहासातून आलेले नाव घेतले. ज्या समाजाला गावच्या देवळाने शतकानुशतके बाहेर ठेवले, त्याने देवळाच्या वाटेवरचा शब्द नाकारावा, हे समजण्यासारखे आहे. त्या विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ‘लाँग’ हे विशेषण अंतरापेक्षा काळालाच अधिक लागू पडले.

हिशेबाचा महिना

आता पुन्हा महिन्याकडे वळू. भारतात सरकारी वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत मोजण्याची पद्धत १८६७ साली इंग्रजांनी आपल्या देशातील वर्षाशी मेळ घालण्यासाठी लागू केली. त्यापूर्वी ते १ मे रोजी सुरू होई. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्षच २५ मार्चला लागत असे, ही त्यामागची जुनी परंपरा. म्हणजे खानदेशातील सोसायटीचा सचिव ज्या तारखेसाठी रात्री जागतो, ती तारीख येथील पावसाने ठरविलेली नाही आणि पिकानेही नाही.

खानदेशाची स्वतःची वर्षे वेगळी होती. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला फिरे. त्या दिवशी जुना हिशेब मिटे आणि नवा करार होई. जळगावच्या सराफ बाजारातील आणि दाणाबाजारातील व्यापाऱ्याची वही दिवाळीला पुजली जाई, आणि प्राप्तिकरासाठीही दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरण्याची त्याला मुभा होती. १९८९-९० या कर आकारणी वर्षापासून ती संपली आणि सर्वांना मार्चअखेर सक्तीची झाली. वहीपूजन राहिले, पण त्या वहीचे वर्ष गेले. आपले हवामान पाहता आर्थिक वर्ष जानेवारीपासून असावे, अशी शिफारस एल. के. झा समितीने १९८५ साली केली होती. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. मान्सून कसा गेला हे कळल्यावर अंदाजपत्रक आखावे, हे तिचे म्हणणे आजही बिनतोड आहे.

या तारखेची सत्ता केवढी असते, हे नोकरदार वाचकांना निराळे सांगावयास नको. मंजूर झालेला निधी ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर बहुधा परत जातो. म्हणून वर्षभर मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या कचेऱ्या शेवटच्या पंधरवड्यात दौडू लागतात. शेतकऱ्याने खरिपाचे पीककर्ज याच तारखेच्या आत भरले तर व्याजाची सवलत, एरवी थकबाकीदार. कापसाचा भाव पडलेला असो वा केळी वादळाने आडवी झालेली असो, मार्च थांबत नाही. लष्करी अर्थाने खरा ‘मार्च’ कोणता असेल तर तो हा: सर्वांनी एकाच ठेक्यावर पाऊल टाकावयाचे, लंगडणाऱ्यानेही.

दोन मार्चांची गाठ

इंग्रजीत महिना आणि चालणे यांचे गोत्र एक नाही, हे वर सांगितले. परंतु महाराष्ट्राच्या व्यवहारात ती दोन्ही एकमेकांना भेटतात, आणि त्यांना भेटविते ते अंदाजपत्रक. मुंबईत मार्च महिन्यात विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालते. मोर्चे तेव्हा मुंबईकडे वळतात. १९५३ च्या नागपूर करारानुसार एक अधिवेशन नागपुरास होते, ते बहुधा डिसेंबरात. मोर्चे तेव्हा नागपूरकडे वळतात. जळगावची दिंडी डिसेंबरात निघाली ती याचमुळे. २०१८ साली हिवाळी अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा लोकसंघर्ष मोर्चाही नोव्हेंबरात मुंबईलाच गेला. माणसे जेथे तिजोरीची किल्ली असते तेथे चालतात.

त्याच वर्षी ६ मार्चला नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून, दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा रात्रीतून पार करून, हजारो आदिवासी शेतकरी आझाद मैदानावर पोहोचले. सरकारने लेखी आश्वासन दिले तो दिवस १२ मार्चचा होता. दांडीयात्रा निघाली तीच तारीख. मुंबईकरांनी पाणी दिले, चपला दिल्या. परंतु २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा निघावे लागले आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील दाव्यांसाठी माणसे अजून चालत राहिली.

येथे या शब्दचर्चेतील खरा प्रश्न येतो. आश्वासन मैदानावर मिळते, पैसा लेखाशीर्षाखाली मिळतो, आणि या दोहोंमधील अंतर नाशिक-मुंबईपेक्षा लांब आहे. मोर्चाचे यश आपण डोकी मोजून ठरवितो, वृत्तपत्रेही तेच करतात. वास्तविक ते पुढच्या ३१ मार्चला ठरावयास हवे: मागणीसाठी तरतूद झाली का, झाली तर ती खर्च झाली का, आणि दावा निकालात निघाला का. हा हिशेब कोणी ठेवीत नाही. म्हणूनच मोर्चांचे प्रकार वाढत जातात. १९७२ च्या महागाईत मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी गाजविलेला लाटणे मोर्चा, पाण्यासाठीचा हंडा मोर्चा, मुलाबाळांसह बिऱ्हाड मोर्चा, २०१६ मधील मराठा समाजाचा मूक मोर्चा. प्रत्येक नव्या विशेषणामागे जुना साधा मोर्चा ऐकू गेला नाही, ही कबुली असते. नागपुरात तर अधिवेशनकाळात मोर्चांना अडविण्याच्या जागा ठरून गेल्या आहेत. कठड्यांपाशी मोर्चा थांबतो, चार जणांचे शिष्टमंडळ आत जाते, निवेदन स्वीकारले जाते. मराठीने ज्या शब्दाला पाय दिले, त्याला व्यवस्थेने पुन्हा एका जागी उभे केले आहे.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वाचकवर्गाकडे या बाबतीत एक वेगळी ताकद आहे. मोर्चात चालणारा आणि कचेरीत मार्चअखेरचे कागद हलविणारा, हे दोघे अनेकदा एकाच घरातले असतात. बाप सातपुड्याच्या पायथ्याशी सोसायटीचा थकबाकीदार असतो आणि मुलगा तालुक्याच्या कोषागारात देयके तपासतो. रस्त्यावरची मागणी आणि टेबलावरची नस्ती या दोन वेगळ्या भाषा आहेत असे त्याने मानू नये. वर्गात ‘मार्च’चे अर्थ विचारले गेले तर विद्यार्थ्याने महिना सांगावा, चालणे सांगावे, सरहद्दही सांगावी. आणि दिंडी पंढरपुरास पोहोचली म्हणजे पुरी होते, मोर्चा मात्र कचेरीपाशी पोहोचला तरी निम्माच झालेला असतो, हा फरकही त्याच्या ध्यानात असावा. उरलेला निम्मा कागदावर चालावयाचा असतो, आणि त्याला मुदत एकच असते: ३१ मार्च.